लंडन ते पॅरिस : एका अंतराची कुळकथा

दोन गावांमधले अंतर आपल्याकडे फार काळपर्यंत वेळेत सांगितले जात असे. अमुक गाव किती लांब, तर दोन मजलांवर. तमुक देऊळ कुठे, तर न्याहारी करून निघालात की उन्हे चढायच्या आत पोचाल अशा जागी. कोस होता, पण तोही प्रांताप्रांताने लांब-आखूड होणारा. ‘मजल’ ह्या शब्दात चालणाऱ्याचे पाय, बैलांचा दम, वाटेतला घाट आणि मुक्कामी पाणी आहे की नाही, एवढे सगळे धरलेले असे. लांबी आणि वेळ ही दोन वेगळी मापे आहेत, हे त्या शब्दाला ठाऊकच नव्हते.

आज संगणकावर कुठल्याही दोन शहरांची नावे टाकली की क्षणात दोन आकडे हजर होतात: इतके किलोमीटर, विमानाने इतका वेळ. लंडन आणि पॅरिस ही जोडी घेतली तर उत्तर येते सुमारे ३४४ किलोमीटर आणि सव्वा तास. आकडे इतके निर्विकार असतात, की ते कुणी तरी, कधी तरी भांडून, मोजून, क्वचित जीव गमावून मिळवले असतील अशी शंकाही वाचणाऱ्याला येत नाही. आम्ही भाषा-साहित्याचे अध्यापक. भूमापन आणि विमानविद्या हे आमचे प्रांत नव्हेत. तरी ह्या दोन आकड्यांच्या मागे जाऊ लागलो आणि एका माळावर येऊन पोचलो. लंडनच्या पश्चिमेला असलेला हा हाउन्स्लोचा माळ वाटमाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होता. ह्या कथेत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

१७८३ साली अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपले आणि ब्रिटन-फ्रान्स यांच्यात तह झाला. त्याच वर्षी फ्रान्सचे ज्येष्ठ नकाशाकार कासिनी द थ्यूरी यांचे एक टिपण राजदूतामार्फत लंडनला पोचले. त्याचा आशय थोडक्यात असा: पॅरिस आणि ग्रीनिच ह्या जगातल्या दोन अग्रगण्य वेधशाळा, पण एकमेकींपासून त्या नेमक्या कुठे आहेत याबद्दल एकमत नाही. रेखांशात ११ सेकंदांची आणि अक्षांशात १५ सेकंदांची शंका आहे. अक्षांशातले १५ सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे साडेचारशे मीटर. तेव्हा दोन्ही देशांनी त्रिकोणांची साखळी बांधून खाडीच्या आरपार मोजणी करावी. फ्रान्समध्ये अशी साखळी किनाऱ्यापर्यंत आलेलीच होती. उणीव होती ती इंग्लंडच्या बाजूला. ग्रीनिचचे राजज्योतिषी मॅस्केलिन यांना ह्या टिपणातला सूर रुचला नाही. आमच्या वेधशाळेची जागा चुकली आहे असे शेजाऱ्याने कळवावे, आणि तो शेजारी कालपर्यंतचा शत्रू असावा, म्हटल्यावर ते स्वाभाविकच होते. पण रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनी प्रस्ताव उचलून धरला, राजा तिसरा जॉर्ज याने खर्च दिला आणि काम मेजर जनरल विल्यम रॉय यांच्याकडे आले.

त्रिकोणांची साखळी बांधायची तर तिची एक तरी बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते. बाकीचे सारे कोन आणि गणित. ही पहिली बाजू, म्हणजे पायारेषा, रॉय यांनी १७८४ च्या उन्हाळ्यात हाउन्स्लोच्या माळावर घेतली. जमीन सपाट, ग्रीनिचपासून फार लांब नाही आणि बरीचशी मोकळी. झाडोरा साफ करायला आणि सामानावर पहारा ठेवायला सैनिक होते. आधी लाकडी दांडे वापरून पाहिले. ते हवेतल्या दमटपणाने लांबत आणि आखडत. इंग्लंडच्या उन्हाळ्याला दमटपणा सोडून दुसरे काही फारसे देता येत नाही, त्यामुळे ते दांडे टाकून द्यावे लागले. मग वीस-वीस फुटी काचेच्या नळ्या करवून घेतल्या गेल्या. सुमारे ५.२ मैलांची रेषा काचेच्या नळ्या एकापुढे एक मांडून, प्रत्येक वेळी तापमानाची नोंद करून मोजायची! राजा स्वतः हे पाहायला माळावर आला होता. उत्तर आले २७,४०४ फुटांहून किंचित अधिक. १७९१ साली दुसऱ्या साधनाने हीच रेषा पुन्हा मोजली तेव्हा दोन मोजण्यांत फरक पडला तो अवघा तीन इंचांच्या आसपासचा.

पुढे काम तीन वर्षे अडले. कोन मोजण्यासाठी लागणारे थिओडोलाइट यंत्र जेसी रॅम्सडेन या कारागिराकडे करायला टाकले होते. रॅम्सडेन हा त्या काळातला सर्वांत अचूक कारागीर आणि बहुधा सर्वांत दिरंगाईचाही. यंत्र १७८७ साली हाती आले. तीन फूट व्यासाचे, दोनशे पौंड वजनाच्या घरातले. रॉय यांनी ह्या उशिराबद्दलचा राग सोसायटीपुढच्या निबंधातही लपवला नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात डोव्हर येथे दोन्ही बाजूंची माणसे भेटली. थोरले कासिनी तोवर वारले होते; त्यांचा मुलगा, खगोलज्ञ मेशँ आणि गणिती लजाँद्र असे तिघे फ्रान्सहून आले. ठरले ते असे, की रात्री दोन्ही किनाऱ्यांवरच्या उंच जागांवरून पांढरे झगझगीत दिवे लावायचे आणि पलीकडच्यांनी त्यांच्यावर कोन धरायचे. इकडे डोव्हरचा किल्ला आणि फेअरलाइटची टेकडी, तिकडे ब्लाँ-ने भूशिर आणि माँलाँबेर. शतकानुशतके ह्या किनाऱ्यांवर पेटणारा जाळ एकाच गोष्टीचा इशारा असे: शत्रूची गलबते दिसली. १७८७ च्या शरदात, आमच्या मते पहिल्यांदाच, हे दिवे एकमेकांनी आपल्याला पाहावे म्हणून लावले गेले. दोनच वर्षांत फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, १७९३ पासून पुन्हा युद्ध सुरू झाले आणि थोडी उसंत सोडली तर ते वॉटर्लूपर्यंत चालले. ती मोजणी झाली ती दोन युद्धांमधल्या दहा वर्षांच्या फटीत.

इतक्या मोठ्या त्रिकोणांचे गणित शाळेतल्या भूमितीने सुटत नाही. पृथ्वी गोल, म्हणून त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून अंमळ अधिक भरते. तो अधिकपणा हिशेबात कसा धरायचा याचा लजाँद्रचा सिद्धान्त ह्याच कामातून निघाला. आज विमानाचे ‘सर्वांत जवळचे अंतर’ म्हणून जे दाखवतात ते ह्याच गोलावरचे अंतर होय. रॉय यांनी ह्या कामाचा अखेरचा निबंध लिहिला आणि त्याची मुद्रिते तपासत असतानाच १७९० च्या जुलैत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाच्या आधारावर ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ ही ब्रिटनची नकाशासंस्था उभी राहिली.

ह्या वंशावळीची एक शाखा थेट आपल्या विदर्भात आली आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन ह्याच पद्धतीने त्रिकोण रचत उत्तरेकडे सरकले. त्यांचे मोठे थिओडोलाइट इंग्लंडहून येत असताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेले होते. आत काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला धाडून दिले. युद्ध चालू असताना! लॅम्बटन त्रिकोण रचत रचतच वारले, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे. त्यांची कबर तिथेच आहे.

अंतर ठरले, पण वेळ ठरायची होती. रॉय यांच्या मोजणीतून दोन वेधशाळांच्या रेखांशांतला फरक नक्की झाला आणि घड्याळाच्या भाषेत तो पुढे ९ मिनिटे २१ सेकंद असा स्थिरावला. पॅरिसचा सूर्य लंडनच्या सूर्यापेक्षा तेवढा आधी माथ्यावर येतो. रेल्वे आणि तारायंत्रे येईपर्यंत हा फरक कुणाला जाचला नसता. १८५१ च्या नोव्हेंबरात डोव्हर-कॅले दरम्यान समुद्रातून तार सुरू झाली, लंडन आणि पॅरिसच्या शेअर बाजारांचे भाव एकमेकांना त्याच दिवशी कळू लागले आणि ‘आत्ता’ ह्या शब्दाचे दोन अर्थ परवडेनासे झाले.

१८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच हे शून्य रेखांश ठरले, तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला. १८९१ साली फ्रान्सने कायदा करून पॅरिसची मध्यम वेळ साऱ्या देशाला लागू केली. त्यातही गंमत अशी, की स्टेशनाबाहेरच्या घड्याळात पॅरिसची वेळ असे आणि फलाटावरचे घड्याळ मुद्दाम पाच मिनिटे मागे ठेवलेले असे. उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी ही सवलत! लंडनहून निघालेला उतारू गार द्यु नोरला उतरे तेव्हा फलाटावर एक वेळ, दाराबाहेर दुसरी आणि खिशातल्या घड्याळात तिसरी. हा गोंधळ ९ मार्च १९११ च्या कायद्याने मिटला. ह्या कायद्याची भाषा आमच्यासारख्या भाषेच्या लोकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची मध्यम वेळ, ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे केलेली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ग्रीनिचची वेळ. पण ग्रीनिच हे नाव त्यात नाही! शत्रूचे नाव न घेता त्याच्या अंगणात जाऊन बसण्याची ही रीत. उखाण्यात नाव घेताना आढेवेढे घेणाऱ्या नववधूची आम्हांला आठवण झाली.

घड्याळाची कथा तिथे संपत नाही. १४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि पॅरिसची घड्याळे बर्लिनच्या वेळेला लावली गेली. सैन्य १९४४ मध्ये गेले. वेळ मात्र युद्धानंतर ग्रीनिचच्या एक तास पुढेच राहिली ती आजतागायत. सूर्याचा हिशेब ९ मिनिटांचा आणि घड्याळाचा ६० मिनिटांचा, असा हा जमाखर्च आहे. म्हणून लंडनहून पॅरिसला जाणारे विमान वेळापत्रकात सव्वादोन तास घेताना दिसते, आणि परत येणारे निघाल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत पोचलेले. ऑक्टोबर १९६८ ते ऑक्टोबर १९७१ एवढी तीनच वर्षे अशी होती, की ब्रिटनने वर्षभर एक तास पुढची वेळ वापरून पाहिली आणि दोन्ही शहरांची घड्याळे बारा महिने जुळली. स्कॉटलंडात हिवाळ्यातल्या सकाळी फार काळोख्या होतात अशी ओरड झाली आणि तो प्रयोग गुंडाळला गेला.

आता हवेतून जाणाऱ्यांकडे वळू. रॉय यांची पायारेषा मोजून सहा महिनेही झाले नव्हते, तोच ७ जानेवारी १७८५ रोजी फ्रेंच वैमानिक ब्लांशार आणि त्याला पैसे पुरवणारा बॉस्टनचा डॉक्टर जेफ्रीज हे दोघे डोव्हरहून फुग्यात बसून निघाले. वाटेत फुगा खाली येऊ लागला. वाळूची पोती गेली, पत्रके गेली, नांगर गेला, अंगरखे गेले आणि शेवटी विजारीही समुद्रात गेल्या. दोघे कडाक्याच्या थंडीत जवळजवळ उघडे होऊन गीनच्या जंगलात एका झाडावर उतरले. इंग्लंडहून फ्रान्सला हवेतून लागलेला पहिला वेळ तो हा, दोन-अडीच तासांचा. उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न पिलात्र द रोझिये याने त्याच जूनमध्ये केला. माणसाने पहिल्यांदा आकाशात भरारी घेतली ती त्याने, १७८३ मध्ये; आणि आकाशातून कोसळून मेलेल्यांत पहिला मानही त्याचा व त्याच्या सोबत्याचा.

एकोणिसावे शतक आगबोट आणि आगगाडीचे. त्याबद्दल इथे फार सांगण्यासारखे नाही. प्रवास दिवसांवरून तासांवर आला, एवढे पुरे. मराठी वाचकाला मात्र ह्या वाटेवरचा एक प्रवास ठाऊक असतो. श्यामजी कृष्णवर्मा १९०७ मध्ये लंडन सोडून पॅरिसला गेले, कारण ब्रिटिश पोलिसांचा हात तिथवर पोचत नव्हता. आणि १३ मार्च १९१० रोजी सावरकर पॅरिसहून लंडनला आले, तेव्हा व्हिक्टोरिया स्टेशनवरच त्यांना अटक झाली. ह्या दोन शहरांमधले खरे अंतर त्या काळच्या क्रांतिकारकांच्या लेखी मैलांचे नव्हते, कायद्याचे होते. एका दिवसाच्या प्रवासात माणूस आश्रितापासून बंदिवानापर्यंत पोचू शके.

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ याने कॅलेजवळून उडून सदतीस मिनिटांच्या आत डोव्हर गाठले. (ह्याच ब्लेरिओचे घर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलो येथे होते आणि शेजारी सुट्टीला येणाऱ्या एका पारशी कुटुंबातला जहांगीर नावाचा मुलगा तिथली विमाने पाहत वाढला. ते जे. आर. डी. टाटा.) पण खाडी ओलांडणे वेगळे आणि शहर ते शहर जाणे वेगळे. १९१० च्या ऑगस्टात जॉन मॉयझांट हा अमेरिकन एक यांत्रिक आणि एक मांजरीचे पिल्लू सोबत घेऊन पॅरिसहून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने खाडी ओलांडली. प्रवासी घेऊन असे करणारा तो पहिला. आणि मग केंट परगण्यात विमान मोडत, दुरुस्त करत, पुन्हा मोडत तो ६ सप्टेंबरला लंडनला पोचला. पॅरिस ते लंडन, तीन आठवडे! चालत जाणारा त्याच्या आधी पोचला असता. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १९११ ला, प्येर प्रिये याने लंडनच्या हेंडनहून उडून कुठेही न उतरता पॅरिस गाठले. वेळ चार तासांहून काही मिनिटे कमी. फ्रान्सने घड्याळ मागे करून जेमतेम महिना झाला होता; तसे झाले नसते तर प्रियेच्या विक्रमातून ९ मिनिटे २१ सेकंद वजा करावे लागले असते.

पहिल्या महायुद्धाने विमाने आणि वैमानिक भरमसाट तयार केले, आणि ते संपल्यावर त्यांचे काय करायचे हा प्रश्न पडला. २५ ऑगस्ट १९१९ रोजी ‘एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल’ ह्या कंपनीने लंडन-पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू केली. बिल लॉफर्ड हा वैमानिक एका जुन्या बाँबफेकी विमानातून निघाला. विमानात एक वार्ताहर, काही वर्तमानपत्रे, कातडे, शिकार केलेली रानकोंबडी आणि डेव्हनशायरची साय. अडीच तासांनी ते पॅरिसच्या ल बुर्जेला उतरले. भाडे एकेरी २० गिनी, म्हणजे सामान्य माणसाच्या विचारापलीकडचे. विमान निघाले कुठून? हाउन्स्लोच्या माळावरून. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी रॉय यांनी ह्याच माळावर काचेच्या नळ्या मांडल्या होत्या, पॅरिस किती लांब ते कळावे म्हणून. हा योगायोग आम्हांला कळला तेव्हा क्षणभर वाटले, की कुणी तरी कादंबरीकाराने हे जुळवून आणले असावे. प्रत्यक्षात कारण सरळ आहे. मोजायला आणि उडायला जमीन एकाच प्रकारची लागते, सपाट आणि रिकामी. आणि लंडनजवळ तशी जमीन मोजकीच.

त्या काळी वैमानिक खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ पाहत जात. ७ एप्रिल १९२२ रोजी पिकार्दीत, धुकट हवेत, पॅरिसहून येणारे आणि पॅरिसला जाणारे अशी दोन विमाने एकाच रस्त्याच्या वरून समोरासमोर आली. सातही माणसे गेली. दोन प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिली टक्कर. आकाशासारख्या अफाट जागेत दोनच विमाने आणि तीही एकमेकांवर! नकाशावरची सरळ रेषा आणि खालचा सोयीचा रस्ता यांच्यातले अंतर त्या दिवशी कळले. त्यानंतर ह्या मार्गावर ठरावीक वाटा आणि बाजू पाळण्याचे नियम आले. आणखी एक गोष्ट ह्याच मार्गाने जगाला दिली, ती एक शब्द आहे. लंडनचा विमानतळ १९२० मध्ये हाउन्स्लोहून क्रॉयडनला गेला होता. तिथले बिनतारी अधिकारी मॉकफर्ड यांना संकटकाळी उच्चारायला, इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही सहज कळेल असा शब्द शोधायला सांगितले गेले. येणारी-जाणारी बहुतेक विमाने ल बुर्जेची, म्हणून त्यांनी ‘मला मदत करा’ ह्या अर्थाच्या फ्रेंच बोलाला इंग्रजी वेष चढवला आणि ‘मे डे’ जन्मला. बुडणारी जहाजे आणि पडणारी विमाने आजही जगभर हाच शब्द पुकारतात, आणि तो लंडन-पॅरिस ह्या एका वाटेचा आहे हे पुकारणाऱ्याला ठाऊक नसते.

दोन महायुद्धांमधल्या काळात ही उड्डाणे थाटाची झाली, वेगाची नव्हे. ‘इम्पीरियल एअरवेज’ने १९२७ मध्ये ‘सिल्व्हर विंग’ नावाने पॅरिसच्या विमानात दुपारचे जेवण वाढायला सुरुवात केली. जेवायला वेळ भरपूर, कारण प्रवास अडीच तासांच्या आसपासच. समोरचा वारा जोराचा असला तर खालची आगगाडी बरोबरीने धावताना दिसे. १९३२ साली टाटांची टपाल कराचीहून मुंबईला आली, ती ज्या साखळीची शेवटची कडी होती तिची पहिली कडी हीच होती: लंडनचे पत्र आधी विमानाने पॅरिसला जाई, तिथून आगगाडीने इटलीच्या टोकाला आणि पुढे पुन्हा हवेतून पूर्वेकडे. खरी झेप आली ती २९ जुलै १९५० रोजी. व्हायकाउंट ह्या टर्बाइन इंजिनाच्या विमानाने नॉर्थोल्टहून ल बुर्जेला प्रवासी नेले. टर्बाइनवर चालणाऱ्या विमानाची जगातली ती पहिली नियमित प्रवासी फेरी, आणि वेळ तासाभराचा.

गंमत अशी, की हवेतला वेळ त्यानंतर फारसा कमी झालेला नाही. का, हे १९५९ च्या एका शर्यतीने दाखवून दिले. ब्लेरिओच्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून ‘डेली मेल’ने लंडनची मार्बल आर्च आणि पॅरिसची विजयकमान यांच्या दरम्यान शर्यत लावली. वाहन कोणतेही. जिंकले ते रॉयल एअर फोर्सचे स्क्वाड्रन लीडर मॉन: मोटारसायकल, हेलिकॉप्टर, हंटर जातीचे लढाऊ जेट असे करत ४० मिनिटे ४४ सेकंद. एका शहराच्या पोटातून दुसऱ्या शहराच्या पोटात इतक्या वेळात कुणी साधा प्रवासी त्यापूर्वी गेला नव्हता आणि नंतरही जाऊ शकत नाही. मॉन यांनी विमानाचा वेग तेवढा वाढवला नव्हता; त्यांनी विमानाच्या अलीकडचा आणि पलीकडचा वेळ कापला होता.

आजचा सव्वा तास उघडून पाहिला तर आत हेच सापडते. हीथ्रो ते शार्ल द गोल हे अंतर सुमारे ३४८ किलोमीटर. विमान प्रत्यक्ष हवेत असते ते पन्नास मिनिटांच्या आसपास. इतक्या जवळच्या मार्गावर जेटला आपल्या पुऱ्या उंचीवर आणि पुऱ्या वेगावर फार वेळ राहताच येत नाही. चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. उरलेला वेळ जातो धावपट्टीपर्यंत रांगेने सरकण्यात. हीथ्रोला येताना तर बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, बिगिन हिल आणि ऑकम अशा चार ठिकाणी विमाने एकावर एक घिरट्या घालत आपली पाळी येण्याची वाट पाहतात. ही सारी खोटी कंपन्या वेळापत्रकात आधीच मिसळून ठेवतात. म्हणजे ‘विमानाने लागणारा वेळ’ म्हणून जो आकडा आपण वाचतो तो अंतराचा नसून गर्दीचा आहे. त्यात विमानतळाला जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा वेळ धरलेलाच नसतो. मजल ह्या शब्दात तो धरला गेला असता.

ह्या फटीतूनच बोगदा आला. खाडीखालून जाण्याची कल्पना नेपोलियनच्या काळापासूनची, आणि तिला ब्रिटिशांची भीतीही तितकीच जुनी. अखेर दोन्ही बाजूंनी खणत आलेले १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राखाली भेटले. ब्रिटनची उंची मोजायची समुद्रसपाटी न्यूलिनची आणि फ्रान्सची मार्सेयची, म्हणून आधी दोघांसाठी एक सामाईक मोजणी बसवावी लागली होती. भेटले तेव्हा दोन बोगद्यांत चूक निघाली आडवी ३५८ मिलिमीटर आणि उभी ५८ मिलिमीटर. कासिनींच्या टिपणातले साडेचारशे मीटर आठवावेत. बोगदा ६ मे १९९४ रोजी खुला झाला, नोव्हेंबरात प्रवासी गाड्या धावू लागल्या. सुरुवातीला फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटरने येणारी गाडी केंटमध्ये आली की जुन्या रुळांवर रांगू लागे. मित्तराँ यांनी त्यावर इंग्रजांची थट्टाही केली होती. शिवाय लंडनचे शेवटचे स्टेशन वॉटर्लू, फ्रेंच उतारूला रोज आपल्या पराभवात उतरवणारे. २००७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडातला वेगवान मार्ग पूर्ण झाला, स्टेशन सेंट पँक्रसला गेले आणि ४९२ किलोमीटरचा प्रवास सव्वादोन तासांवर आला. लोखंडी वाट विमानाच्या वाटेपेक्षा दीडपटीच्या जवळ लांब, तरी घर ते घर पाहता लवकर पोचवणारी. एके काळी युरोपातला अत्यंत गजबजलेला हा हवाई मार्ग त्यानंतर ओसरत गेला.

ही दोन्ही उत्तरे पुसली जाऊ शकतात हेही आपण पाहिले. २००९ च्या डिसेंबरात बाहेरच्या हिमातून आत आलेल्या पाच गाड्या बोगद्यात बंद पडल्या आणि हजारो माणसे रात्रभर अडकली. चारच महिन्यांनी आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने आकाश बंद झाले आणि तेव्हा ह्याच आगगाड्या लोकांनी ओसंडून वाहिल्या. २०२३ मध्ये फ्रान्सने, आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येत असेल तर विमान नको, असा नियम काही मार्गांना लागू केला. पॅरिस-लंडन अडीच तासांच्या आत बसते, पण नियम फक्त देशांतर्गत मार्गांचा. त्यामुळे इथे एक विलक्षण अंतर तयार झाले: ऑर्लीहून लियाँला जाणारे विमान बंद, आणि त्याहून जलद गाडी नसलेल्या-असलेल्या हिशेबात न शिरता लंडनला जाणारे चालू. मध्ये सीमा आहे म्हणून. ब्रेक्झिटनंतर ती सीमा अधिकच जाड झाली आहे आणि पासपोर्टाच्या रांगेत गाडीच्या वेगाने मिळवलेली मिनिटे खर्ची पडतात.

हाउन्स्लोच्या माळाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पायारेषेची दोन टोके हरवू नयेत म्हणून १७९१ मध्ये तिथे दोन तोफा उभ्या गाडल्या, तोंड आभाळाकडे करून. एक हॅम्प्टन येथे वस्तीत आहे. दुसरी ज्या शेतात होती तिथे १९४४ साली मोठ्या विमानतळाचे काम निघाले आणि ती उपटून बाजूला ठेवावी लागली. तोच आजचा हीथ्रो. रॉय यांची रेषा त्याच्या आवारातून जाते. १९७२ मध्ये तोफ परत आणून मूळच्या जागी बसवली. विमानतळाच्या उत्तर कडेच्या रस्त्यालगत ती आहे, पॅरिसची विमाने जिथून उडतात त्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर.